बावीस दिव्यांचे तायडे

काळ्या टेपची गुंडाळी कुठे दिसली की मला अजून मळमळतं. कुणाच्या कूलरच्या वायरला असो, नाहीतर मोटरसायकलच्या हँडलला, मी नजर वळवतो. बायको म्हणते, हे तुमचं नवीनच खूळ. नवीन नाही, चांगलं सहा वर्षांचं आहे, आणि ते मला प्रल्हाद तायडे नावाच्या एका वायरमनने लावून दिलं आहे.

तायडे अमरावतीला आमच्या कॉलेजात वायरमन होते. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याला उद्यान समितीचा प्रमुख करून टाकायचं, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. त्यामुळे ग्रंथालयासमोरची बाग माझ्या गळ्यात पडली आणि बागेबरोबर बागेतले बावीस दिवेही. गुडघ्याएवढे लोखंडी खांब, त्यावर काचेची टोपी, आत लहानसा दिवा. हे दिवे बारा व्होल्टवर चालायचे. ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीवर पत्र्याची एक पेटी होती. तिच्यातला ट्रान्सफॉर्मर लाइनीतल्या दोनशे तीस व्होल्टचे बारा करून बागेत सोडायचा. एवढी विद्या मला तायड्यांकडून मिळाली. त्याआधी दिवा लागतो किंवा लागत नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

माणूस बुटका, काळासावळा, अंगात कायम पांढरा शर्ट. चिखलात गुडघे टेकून करायचं काम आणि शर्ट पांढरा! संध्याकाळी घरी जाताना त्यावर एक डाग नसायचा. आणि हातात काळी छत्री. मे महिन्यात अमरावतीत छत्री घेऊन फिरणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही, पण तायडे डिसेंबरातही ती घेऊन हिंडत. पोरं हसायची. मीही पहिल्या महिन्यात हसून घेतलं. मग एकदा भर दुपारी ते बागेत ओणवे झालेले दिसले. छत्री उघडून त्यांनी एका दिव्यावर पालथी घातली होती आणि तिच्याखाली मान घालून ते आत बघत होते.

मी विचारलं, "तायडे, हे काय चाललंय?"

"दिवसा दिवा पाह्यचा असन तं रात आनावी लागते, सर," आतूनच उत्तर आलं. "म्हनून मी रात संगच घेऊन फिरतो."

त्यांचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथलं जमिनीखालचं पाणी इतकं खारट की भांड्यांवर पांढरा थर बसतो. आमच्या बोअरचं पाणीही त्याच वळणाचं. सुमनबाई, म्हणजे आमच्या बागेत कामाला असलेली बाई, रोज सकाळी नळीने पाणी घालायची, ते काचांवर उडायचं आणि महिनाभरात काचा मोतीबिंदू झाल्यासारख्या पांढऱ्या पडायच्या. आमच्या समितीने ठराव केला होता की काचा जुन्या झाल्या, बदलाव्यात. तायड्यांनी तो ठराव वाचला, घरून एक पिशवी लिंबं आणली आणि दोन दिवस बसून बावीस काचा लिंबाच्या फोडींनी घासल्या. काचा लख्ख झाल्या. उरलेली चार लिंबं ते माझ्या टेबलावर ठेवून गेले. मला ते चांगलंच झोंबलं.

आता घाणीचं सांगतो, कारण तायड्यांचं चित्र घाणीशिवाय पुरं होणार नाही. आमच्याकडची पोरं खर्रा खातात. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला तो लगदा दिवसभर गालात ठेवायचा आणि जागा मिळेल तिथे थुंकायचं. आमच्या दिव्यांची उंची त्या कामाला फार सोयीची होती. बाकावर बसल्या बसल्या नेम धरता यायचा. लाल-तपकिरी ओघळ काचेवरून आत शिरायचे, होल्डरमध्ये साचायचे, वाळायचे. पदवीच्या शेवटच्या वर्षाची पोरं, बरं का! उद्या यातलेच काही मास्तर होतील, काही फौजदार होतील. तायडे ते सगळं सोड्याच्या पाण्याने नुसत्या बोटांनी काढायचे. मी पाच हात लांब, नाकाला रुमाल लावून उभा. आत कधी भाजून मेलेली पाल निघायची, कधी मुंग्यांचं अख्खं वारूळ. "मुंगीले उबारा पाह्यजे, सर. तिचा काय गुन्हा?" असं म्हणत ते मुंग्या ब्रशने अलगद झटकून काढायचे. खर्ऱ्याच्या थुंकीनेही त्यांच्या चेहऱ्यावर आठी पडत नसे.

त्यांना किळस यायची ती एकाच गोष्टीची. टेपची.

एके दिवशी चार दिवे एकदम गेले. तायड्यांनी जमीन उकरली आणि मातीत गाडलेला एक सांधा कापून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर आणला. दिवे बसवून गेलेल्या कुणीतरी केलेला सांधा होता. दोन तारा पिरगाळायच्या, वर काळी टेप, आणि दे माती.

"वास घ्या," ते म्हणाले.

मी बावळटासारखा वास घेतला. सडलेल्या कांद्यासारखा काहीतरी भपकारा आला. टेप उलगडली तर आत हिरवं पाणी आणि तांब्याच्या जागी हिरवा चुरा.

"टेपनं पानी आत जाचं थांबत नाई, सर. आत गेलेलं बाहीर याचं थांबते. घान!" ते म्हणाले. "घान हाय हे. ज्यानं हे केलं त्याले ठाऊक होतं का हे सडन म्हनून. पन तवा तो इथं नसन, हेबी त्याले ठाऊक होतं."

त्यांचा स्वतःचा सांधा बघण्यासारखा असे. तारांची टोकं चकचकीत खरवडून, पितळी नळीत घालून चिमट्याने दाबायची, ती नळी ग्रीसने भरलेल्या टोपणात बुडवायची आणि टोपण मातीत न गाडता खांबाच्या पोटात वर टांगायचं. नवीन कुणी काम करून गेला की तायडे दिवा बघत नसत. "दिव्याचं मंग पाहू. सांधा दाखवा आधी," म्हणत. आणि टेपला हात लागला की दुसरं काहीही करण्याआधी ते खाली बसून बोटं गवताला पुसत. थुंकी काढून झाल्यावर नळावर साबणाने हात धुणं वेगळं. हे वेगळं. तळवा, मग हाताची मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या. सावकाश. मी ते इतक्यांदा पाहिलंय की आत्ताही डोळ्यांसमोर आहे.

याच संदर्भात आणखी एक सांगायला हवं, सांगताना लाज वाटते तरी. आमच्या कॉलेजात असे दोन जण होते जे काम झाल्यावर तायड्यांच्या हातातून विभागाची चावी घेत नसत. "ठेवा तिथं टेबलावर," म्हणत, मग उचलत. दोघंही एम. ए., पीएच. डी. तायड्यांच्या वडिलांना गावात ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांच्या घराने ती ओंजळ कायमची सोडली, मुलं शिकवली. त्यांचा धाकटा भाऊ अकोल्याला बँकेत अधिकारी होता. तायडे चावी टेबलावर ठेवत. पण त्या दोघांच्या विभागात दिवा गेला तरी ते लगेच जात, नीट काम करत, आणि सांधा त्यांना मुद्दाम दाखवत. मी हे सगळं बघत होतो. मी चावी हातात घ्यायचो आणि तेवढ्यावर स्वतःला सज्जन समजायचो.

सुमनबाईला वायरची फार भीती. तिची जाऊ कूलरला चिकटून गेलेली. उन्हाळ्यात आमच्याकडे हे घडतं. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, पाणी भरताना हात लागतो आणि संपलं. त्यामुळे बागेत दिवे बसले तेव्हा तिने पाणी घालायचं नाकारलं. मी तिला ट्रान्सफॉर्मर समजावून सांगितला, तिने ऐकून घेतला आणि नळी खाली ठेवली ती उचलली नाही. तायडे आले. त्यांनी चपला काढल्या, ओल्या गवतात उभे राहिले, बागेची लाइन चालू केली आणि दोन्ही उघड्या तारा ओल्या हातांत धरल्या.

"पाहा, बाई. आता तुमी धरा."

"नाई जी भाऊ, मले भेव लागते."

"माह्याकडं पाहा. मी मेलो का?"

तिने डोळे मिटून धरल्या. मग एक डोळा उघडला. "काईच नाई लागत, भाऊ!"

"हे बारा होल्ट हाय. गरीब असते. माही जबान हाय, बाई, या बागेत तुमाले करंट लागनार नाई."

तेव्हापासून सुमनबाई रोज सकाळी अनवाणी त्या गवतात पाणी घालायची. तिच्यामागे लाल्या नावाचं एक तांबडं कुत्रं. ती आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्याला द्यायची.

बारा व्होल्टवर तायड्यांचा जीव होता, आणि त्यांचा सगळा संतापही तिथेच. एकदा चहा पिताना ते म्हणाले होते, "बारा होल्ट मारत नाई, सर. म्हनून त्याले कोनी भीत नाई, अन् भीत नाई म्हनून कोनी त्याचं काम धड करत नाई. दोनशे तीसचा सांधा करताना हात कापते लोकाईचा. बाराचा करताना तोंडात खर्रा असते." रोज सकाळी कॉलेजात आल्यावर त्यांचं पहिलं काम म्हणजे पेटी उघडून ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवणं. दिवे पहाटे बंद झाले तरी अंगात ऊब राहायची. "गरम हाय. जित्ता हाय," असं म्हणून ते पेटी लावायचे.

एकच दुखणं त्यांना बरं करता आलं नव्हतं. शेवटचे सहा दिवे, अशोकाच्या झाडांखालचे, मिणमिणते होते. समितीने तीनदा बल्ब बदलले, तीनदा तेच. तायड्यांनी मीटर लावून दाखवलं, पेटीपाशी बारा, टोकाला साडेआठ. "पाइप बारीक अन् वावर लांब. शेवटच्या झाडाले पानी कुठून भेटन? केबल जाड पाह्यजे, दुसरं काई नाई." तसा अर्ज त्यांनी तीन वेळा दिला. तिन्ही अर्जांवर माझी शिफारस होती. तिन्ही अर्ज कार्यालयात कुठेतरी झोपले. मीही फार पाठपुरावा केला नाही.

आणि मग मूल्यांकनाची बाहेरची समिती येणार असं ठरलं. दिवाळीनंतरची गोष्ट. तायडे डिसेंबरअखेर निवृत्त व्हायचे होते. कॉलेजात नुसती धांदल. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, वर्षानुवर्षं न उघडलेल्या प्रयोगशाळेला उदबत्ती. पाहुणे गुरुवारी संध्याकाळी बागेत चहा घेणार होते, म्हणून प्राचार्य मंगळवारी संध्याकाळी बाग बघायला आले आणि अशोकाखालच्या अंधाराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय स्मशानासारखं?" तायडे तेव्हा भाच्याच्या साखरपुड्याला दोन दिवस अकोटला गेलेले. प्राचार्यांनी रंगकामाच्या ठेकेदाराला सांगितलं. त्याने त्याच रात्रीपर्यंत काम उरकलं आणि बावीसच्या बावीस दिवे असे झगझगले की आम्ही सगळे वा वा करत राहिलो. मी तर ठेकेदाराची पाठ थोपटली. तायड्यांना दोन वर्षांत जमलं नाही ते या माणसाने तीन तासांत केलं, असंही मी म्हणालो.

बुधवारी सकाळी तायडे रजेवरून परत आले. शिपायाने त्यांना हौसेने सांगितलं, काल दिवे काय मस्त लागले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे पेटी उघडली, तळवा ठेवला. ट्रान्सफॉर्मर थंडगार होता.

मी जिन्यावरून बघत होतो. तो माणूस पळत सुटला. सुमनबाई अशोकाखाली पाणी घालत होती, तिच्या हातातली नळी त्यांनी हिसकून लांब फेकली. ती घाबरून रडायला लागली. मग ते पेटीकडे परत गेले, फ्यूज उपटला आणि तो मुठीत धरून माझ्याकडे आले.

"सर, त्यानं ट्रान्सफारमर काढून फेकला लाइनीतून. डायरेक दोनशे तीस सोडले मातीत. माह्या बाराच्या केबलमधून. लोखंडाचे खांब हाय, सर, अर्थिंग नाई. अन् बाई पानी घालून राहिली होती. दिवे बंद होते म्हनून वाचली."

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. ठेकेदार तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, "एका संध्याकाळची तं गोष्ट हाय, भाऊ. नवे बल्ब लावले, वरून टेप मारली मस्त." टेप म्हटल्याबरोबर तायड्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कप खाली ठेवला. प्राचार्यांनी शांतपणे सांगितलं की शुक्रवारी सगळं पूर्ववत करू. मग एक कागद पुढे सरकवला. 'उद्यानातील विद्युत व्यवस्था तपासली असून सुरक्षित आहे.' समितीच्या फायलीत लागणार होता. खाली सहीची जागा.

तायडे म्हणाले, "ह्यावर माही सही होनार नाई."

"निवृत्तीचे कागद माझ्याच टेबलावरून जायचे आहेत, तायडे."

"जाऊ द्या, नाईतर राहू द्या. मी बाईले जबान देल्ली हाय. अन् हा फ्यूज भेटनार नाई."

ठेकेदार हसला. "फ्यूज कोन्याही दुकानात भेटते, भाऊ."

मग प्राचार्य माझ्याकडे वळले. "उद्यान समितीचे प्रमुख तुम्ही आहात. तुमचीही चालेल."

माझ्या बढतीची फाइल त्याच खोलीतल्या कपाटात होती. कुणी तिचं नाव काढलं नाही, काढायची गरजच नव्हती. मी स्वतःला सांगितलं की एका संध्याकाळचा प्रश्न आहे, सुमनबाईला दोन दिवस सुटी देऊ, काय बिघडतं. मी खिशातून पेन काढलं. सही करताना माझा हात जरासुद्धा कापला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण त्या सहीची मला आज जी किळस येते ती तेव्हा यायला हवी होती आणि आली नाही. मान वर केली तेव्हा तायडे निघून गेले होते.

गुरुवारी संध्याकाळी पाहुणे आले. गवत हिरवंगार दिसावं म्हणून प्राचार्यांनी दुपारी शिपायांकडून भरपूर पाणी मारून घेतलं होतं. ओल्या जमिनीत दोनशे तीस व्होल्ट, वर झगझगाट, आणि बागेच्या कडेने सुतळी बांधलेली. ती तायड्यांनी बांधली होती. सुमनबाईला त्यांनी घरी पाठवलं होतं आणि स्वतः उघडी छत्री घेऊन सुतळीपाशी उभे होते. आकाशात ढग नाही, ऊन नाही, आणि हा माणूस छत्री आडवी धरून येणाऱ्या जाणाऱ्याला अडवतोय. "गवत नवं हाय, साहेब, पाय नका देऊ." समितीतल्या एका बाईंना फार कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या, "तुमचे कर्मचारी हिरवळीला किती जपतात!" प्राचार्य म्हणाले, "आमची संस्कृतीच आहे तशी." मला तिथेच उलटी व्हायला हवी होती. मी समोसा खात होतो.

माणसं थांबली. कुत्र्याला सुतळी कळत नाही. सुमनबाई नाही म्हणून भाकर नाही, म्हणून लाल्या तिला शोधत सुतळीखालून आत शिरला. तायडे ओरडले. लाल्याने अशोकाखालच्या शेवटच्या खांबाजवळ पाय वर केला. एक बारीक केकाटणं ऐकू आलं, तेही अर्धवट.

प्राचार्य माझ्या कानात म्हणाले, "कुत्रंच आहे. कुणाला तरी हलवायला सांगा, पटकन."

मी हलेपर्यंत सगळीकडे अंधार झाला. तायड्यांनी मेन खाली ओढला होता. पाहुण्यांपैकी एक जण अंधारातून म्हणाले, "तुमच्याकडे लोडशेडिंग आहे वाटतं?" प्राचार्य म्हणाले, "विदर्भ आहे, सर." सगळे हसले. मीही हसलो. अंधारात कुणाला दिसलं नसतं, तरी हसलो.

कॉलेजला श्रेणी चांगली मिळाली. लाल्याला तायड्यांनी कुंपणापाशी खड्डा खणून पुरलं, आपला गमछा त्याच्यावर घालून. दुसऱ्या दिवशी सुमनबाई आली, तिला कुणीतरी सांगितलंच होतं. ती रडली नाही. तायड्यांसमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "तुमी जबान देल्ली होती, भाऊ."

"हो," तायडे म्हणाले. "देल्ली होती."

मी तिथेच होतो. कागदावर कुणाची सही आहे हे ते सांगू शकले असते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी खोकलो आणि तासाला निघून गेलो.

पुढचे तीन आठवडे त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. ठेकेदाराचे सगळे सांधे उकरून काढले. अकरा निघाले. अकराच्या अकरा वर्तमानपत्रावर मांडून माझ्या टेबलावर ठेवून गेले, चिठ्ठी नाही, काही नाही. त्यांनाही सडलेल्या कांद्याचा तोच वास यायला सुरुवात झाली होती. ट्रान्सफॉर्मर परत लाइनीत आला. जाड केबल कुठून आली ते मला माहीत नाही, कॉलेजने तरी घेतली नव्हती. सगळं झाल्यावर एका सकाळी त्यांनी सुमनबाईला बोलावलं. ती गवताच्या कडेला चपला घालून उभी राहिली, आत येईना. त्यांनी आग्रह केला नाही. स्वतःच्या चपला काढल्या, पँट वर दुमडली, नळीने गवत भिजवलं, दिवे चालू केले आणि पहिल्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखं धरलं. मग दुसऱ्या. असे बावीस खांब. साठीला आलेला माणूस, प्रत्येक खांबापाशी गुडघ्यावर बसायचा, धरायचा, उठायचा. शेवटच्या खांबापाशी, जिथे लाल्या गेला तिथे, ते जास्त वेळ बसले. ते उठले तेव्हा सुमनबाईने आपल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. तिने नळी उचलली.

निरोप समारंभात त्यांना शाल आणि नारळ मिळाला. प्राचार्य त्यांच्या 'निष्ठेबद्दल' वीस मिनिटं बोलले. बोलायची पाळी आल्यावर तायडे म्हणाले, "रोज सकायी पेटीले हात लावत जा कोनीतरी. गरम असली पाह्यजे." आणि खाली बसले. माझी बढती त्याच महिन्यात झाली.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला अकोल्याला गेलो होतो. शहराबाहेरचं मोठं लॉन, भर दुपारची पंगत, मंडपात कूलरची घरघर. जेवून बाहेर आलो तर हिरवळीच्या मध्यावर एक काळी छत्री पालथी पडलेली आणि तिच्याखाली पांढरा शर्ट. मला वाटलं, तसंच निघून जावं. पण छत्री वर झाली आणि त्यांनी मला पाहिलं. चेहरा वाळला होता, बाकी तसेच.

"सर," म्हणत ते उठले. नळावर गेले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, खांद्यावरच्या गमछ्याला कोरडे केले आणि मग माझ्याजवळ आले.

"इथे कसे?"

"भावाच्या ओयखीचं लॉन हाय. चाळीस दिवे हाय, अन् सारे टेपवर," ते म्हणाले. "जित्तेपनी नाई सुटत हे."

मग त्यांनी विचारलं, "सुमनबाई?"

"आहे. बरी आहे."

"अन् पेटी? गरम असते नं?"

"असते," मी म्हणालो. "मी रोज हात लावून बघतो."

त्या पेटीला मी एकदाही हात लावलेला नाही. ती कुठल्या बाजूच्या भिंतीवर आहे हेही आता नीट आठवत नाही. तायडे माझ्याकडे बघत राहिले. जुना दिवा बघावा तसं नाही, सांधा बघावा तसं. मला ते सहन होईना, म्हणून मी हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी कधी हात मिळवला नव्हता. त्यांनी क्षणभर माझ्या हाताकडे पाहिलं, मग तो हातात घेतला, दाबला, सोडला.

"या, सर," ते म्हणाले.

मी फाटकापाशी ऑटोत बसलो आणि मागे वळून बघितलं. तायडे हिरवळीवर खाली बसले होते. छत्री बाजूला पडली होती आणि ते उजवा हात गवताला पुसत होते. तळवा, मग हाताची मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या. सावकाश.